अदृश्य धोक्याची दृश्य खूण

सोलापूरची जुनी गिरणी १८७७ साली सुरू झाली, तेव्हा तिचे सारे बळ वाफेचे होते. बॉयलरच्या वाफेने एंजिन फिरे, एंजिनाने लांब दांडा फिरे आणि दांड्यावरून उतरलेल्या पट्ट्यांनी यंत्रे चालत. तेथे जिवाला धोका नव्हता असे नाही. परंतु तो डोळ्यांना दिसे व कानांना ऐकू येई. धोतराचा सोगा पट्ट्यात सापडल्यास काय होईल, हे नवख्या पोरासही सांगावे लागत नसे.

दिसत नसे ते बॉयलरच्या पोटातले दुखणे. म्हणून १९२३ च्या बॉयलर कायद्याने प्रत्येक बॉयलरला नोंदणीचा क्रमांक दिला, तो त्याच्या अंगावर कायमचा उमटविण्यास मालकास भाग पाडले आणि दाखल्याची मुदत १२ महिन्यांपलीकडे जाऊ दिली नाही. तपासणी झाली की नाही, हे त्या क्रमांकावरून व दाखल्यावरून कोणासही पडताळता येऊ लागले.

पुढे वाफेची जागा विजेने घेतली. वीज तर बॉयलरहूनही मुकी. मोटारीच्या तारेवरील वेष्टण आतून झिजले, तर तिचे लोखंडी अंगच विजेने भारले जाते. वरून मात्र काही कळत नाही. ते अंग तारेने जमिनीशी नीट जोडलेले असेल, तर वीज त्या वाटेने जाते आणि फ्यूज वितळून प्रवाह तुटतो. ती जोडणी सुटलेली असेल, तर हात लावणाऱ्या माणसाचा देहच विजेची वाट होतो. वेष्टणाची ही परीक्षा घेणारे सुटसुटीत उपकरण एव्हरशेड या इंग्रज अभियंत्याने १८८९ साली सिद्ध केले. १९०३ पासून ते ‘मेगर’ या नावाने ओळखले जाते.

हिंदुस्थानात विजेचा कायदा १९१० साली झाला. स्वातंत्र्यानंतर १९५६ च्या नियमांनी ग्राहकाच्या जोडणीची तपासणी निदान ५ वर्षांतून एकदा व्हावी असे सांगितले. ५०० व्होल्टचा दाब एक मिनिट देऊन वेष्टणाचा रोध किमान एक मेगोहम भरला पाहिजे, हेही मोजमाप ठरविले. २०१० साली या नियमांची जागा केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या विनियमांनी घेतली व २०२३ मध्ये तेही नव्याने केले गेले.

तथापि जोडणीची तपासणी निराळी आणि कामाच्या जागी हातोहात फिरणाऱ्या प्रत्येक उपकरणाची निराळी. ब्रिटनमध्ये १९८९ च्या कामाच्या ठिकाणच्या विद्युत नियमांनी उपकरणे सुस्थितीत ठेवण्याची जबाबदारी घातली. त्यांत चिठ्ठी लावण्याची सक्ती नव्हती. पण तपासल्याची तारीख, पुढील तपासणीची तारीख आणि तपासणाऱ्याची खूण उपकरणावरच चिकटविण्याची रीत तेथे रूढ झाली. ऑस्ट्रेलियातील बांधकामांवर तर दर तीन महिन्यांनी चिठ्ठीचा रंगच पालटतो. जुन्या रंगाचे हत्यार दुरूनही ओळखू येते.

सोलापुरास या रीतीचे अगत्य अधिक आहे. गिरण्या मंदावल्या, पण माग थांबले नाहीत. शहराच्या पूर्वभागात ते लहानलहान कारखान्यांत व घरांलगतच्या शेडांत पसरले. १९४८ च्या कारखाने कायद्याने विजेवर चालणाऱ्या जागेस १० कामगारांची मर्यादा घातली होती. त्याहून लहान शेडपर्यंत कारखाना निरीक्षकाचे पाऊल सहसा पोहोचत नसे. तेथे कापसाचे तंतू हवेत उडतात, यंत्रांवर साचतात, आणि एखादी ठिणगीही पुरते. १८ मे २०२५ रोजी अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत टॉवेलच्या एका कारखान्यास आग लागून आठ माणसे दगावली. त्यांत एक बालकही होते. शॉर्टसर्किटचा संशय प्रथम बोलला गेला. कारण कोणतेही असो, कारखाना व बिऱ्हाड एका छपराखाली असले म्हणजे यंत्राचा दोष घरच्यांच्या उशाशी येऊन बसतो, हे त्या दिवशी सर्वांस दिसले.

चिठ्ठीने यंत्र निर्दोष होत नाही. त्या तारखेस ते ठीक होते, एवढेच ती सांगते. दुसऱ्याच दिवशी तार सोलली गेली, तर ते कामगाराच्या नजरेनेच हेरावे लागते. परंतु निरीक्षकाचा अहवाल कचेरीतील कपाटात राहतो आणि चिठ्ठी मागापाशी राहते. मुदत संपलेली तारीख दाखवून “हे यंत्र आधी तपासा” असे म्हणण्याचा आधार विणकरास तीच देते. बॉयलरच्या अंगावरील क्रमांकाने जे साधले, तेच तळहाताएवढ्या कागदाने मागाच्या मोटारीबाबत साधावयाचे आहे.