चिंध्यांची साखर आणि भाजीचे इंधन

'टाकाऊ भाजीत यीस्ट मिसळले की इंधन तयार होते,' असे सोपे विधान आपण अनेकदा वाचतो. ते अर्धेच खरे आहे. यीस्ट आंबवते ती साखर. १८० ग्रॅम ग्लुकोजपासून जास्तीत जास्त ९२ ग्रॅम अल्कोहोल मिळते. उरलेला ८८ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड उडून जातो. परंतु बटाट्यातील ग्लुकोज मुख्यतः स्टार्चच्या आणि पालेभाजीच्या देठांतील बरेचसे ग्लुकोज सेल्युलोजच्या लांब साखळ्यांत अडकलेले असते. नेहमीच्या यीस्टला या साखळ्या तोडता येत नाहीत. त्या कशा तोडाव्यात, हाच या इंधनाच्या इतिहासातील खरा प्रश्न आहे.

नेपोलियनच्या युद्धांमुळे युरोपात उसाच्या साखरेची टंचाई झाली होती. १८११ साली सेंट पीटर्सबर्ग येथे किर्खहॉफ यांनी स्टार्च सौम्य गंधकाम्लात उकळून साखर मिळवली. १८१९ साली फ्रान्समधील ब्राकोनो यांनी लिननच्या चिंध्यांवर तीव्र गंधकाम्लाची क्रिया केली, मग पाणी घालून मिश्रण उकळले. मिळालेली साखर वजनाने चिंध्यांपेक्षा जास्त भरली! यात जादू नाही. साखळीची प्रत्येक कडी सुटताना पाण्याचा एक रेणू तिला जोडला जातो.

आम्लाशिवायही हे काम होते. १८३३ साली पायां आणि पेर्सो यांनी मोड आलेल्या सातूतून स्टार्च फोडणारा पदार्थ वेगळा केला. सेल्युलोज फोडणारी चांगली विकरे मात्र अनपेक्षित ठिकाणी सापडली. दुसऱ्या महायुद्धात दक्षिण पॅसिफिकमध्ये अमेरिकन सैन्याचे सुती तंबू भराभर कुजत. त्यामागील एका बुरशीचा एल्विन रीस व त्यांच्या सहकाऱ्यांनी अभ्यास केला. तंबू वाचवण्यासाठी सुरू झालेले हे संशोधन १९७३ च्या तेलसंकटानंतर टाकाऊ मालापासून साखर करण्याकडे वळले. ती बुरशी आज 'ट्रायकोडर्मा रीसेई' म्हणून ओळखली जाते.

अडचण आणखी एक आहे. बहुतेक भाज्यांत नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणी असते. त्यामुळे अल्कोहोल फार विरळ मिळते आणि ते ऊर्ध्वपातनाने वेगळे करण्यातच बरीच ऊर्जा खर्च होते.

वर्गासाठी आम्ही एक प्रयोग सुचवतो. उकडून कुस्करलेला बटाटा पाण्यात कालवून दोन बाटल्यांत घ्या. मिश्रण कोमट असताना एकीत मोड आलेल्या नाचणीचे पीठ मिसळा. तासाभराने दोन्हींत यीस्ट घालून तोंडांना फुगे बांधा. कोणता फुगा अधिक फुगतो आणि का, हे विद्यार्थ्यांनाच सांगू द्या.