दार मोकळे, चिठ्ठी काटेकोर : ऑक्सफर्ड शब्दकोशाचे स्वयंसेवक

१/ एखाद्या ज्ञानकार्यासाठी अनोळखी जाणकारांना बोलवायचे, तर नोंदणीच्या वेळी त्यांना काय विचारावे? पदवी? पद? की फक्त 'आपण कोणते काम कराल?' मित्रहो, या प्रश्नाच्या उत्तरावर एक महाकोश उभा राहिला. त्याची ही कथा.

२/ १८५७ मध्ये लंडनच्या फिलॉलॉजिकल सोसायटीत नव्या इंग्रजी कोशाचा विचार सुरू झाला. प्रत्येक शब्दाचा इतिहास ग्रंथांतील अवतरणांनी सिद्ध करायचा होता. शतकानुशतकांचे साहित्य पगारी माणसांकडून वाचून घेणे अशक्य. म्हणून स्वयंसेवक वाचक जमवले गेले. पुढे काम रखडले. १८७९ मध्ये ऑक्सफर्डशी करार होऊन संपादनाची धुरा जेम्स मरे यांच्याकडे आली.

३/ जुन्या चिठ्ठ्या चाळताच एक दोष उघड झाला. 'अब्यूजन' या विस्मृत शब्दाची सुमारे ५० अवतरणे, आणि रोजच्या 'अब्यूज'ची पाचसुद्धा नाहीत! नजरेत भरेल ते टिपणे हा मनुष्यस्वभाव. साध्या शब्दांचेही मोल आहे, हे वाचकांच्या मनावर ठसलेच नव्हते.

४/ मरे यांनी त्याच वर्षी नवे आवाहन छापले. हजार वाचक हवेत, कोणीही साहाय्य करू शकतो, असे त्यात म्हटले होते. नाव कळवावे, ग्रंथ निवडावा. चिठ्ठीची शिस्त मात्र कडक : वरच्या डाव्या कोपऱ्यात शब्द, मग वर्ष, लेखक, ग्रंथ, पृष्ठ, आणि अवतरण जसेच्या तसे. या वेळी सामान्य शब्दांची अवतरणेही आवर्जून मागितली.

५/ या रचनेतील मर्म पाहा. चिठ्ठीवर पृष्ठ असल्याने कोणालाही मूळ ग्रंथ उघडून ती पडताळता येई. पारख माणसाची नव्हे, कामाची होत असे.

६/ म्हणूनच विल्यम मायनर आत येऊ शकले. हे अमेरिकी लष्करी शल्यवैद्य; १८७२ मध्ये भ्रमाच्या भरात लंडनमध्ये एका निरपराध कामगाराची हत्या करून ब्रॉडमूरच्या मनोरुग्णालयात बंदिस्त झालेले. तेथूनच त्यांनी हजारो अवतरणे पाठवली.

७/ दुसरे फिट्झएडवर्ड हॉल. तेही अमेरिकी, बनारसमध्ये अध्यापन केलेले संस्कृतचे पंडित. पुढे लंडनच्या विद्वत्समाजाशी त्यांचे बिनसले आणि ते सफोकच्या खेड्यात एकाकी राहिले. तेथे सुमारे वीस वर्षे, १९०१ मध्ये मृत्यू येईपर्यंत, त्यांनी कोशासाठी विनामूल्य काम केले. मुद्रिते तपासण्यात त्यांचे रोज कित्येक तास जात. मरे यांची व त्यांची भेट कधीच झाली नाही.

८/ कोश १९२८ मध्ये पूर्ण झाला. मरे १९१५ मध्येच निवर्तले होते. 'सध्या कोणत्या संस्थेत आहात?' हा एकच रकाना सक्तीचा असता, तर मायनर आणि हॉल यांनी त्यात काय लिहिले असते?

९/ उद्या आपल्यापैकी कोणी मोडी कागदपत्रांच्या लिप्यंतरासाठी वा तपासणीसाठी जाणकार जमवील. तेव्हा अर्जात पदवीचा रकाना ऐच्छिक ठेवावा. त्याऐवजी कोणत्या काळाचे हस्ताक्षर वाचता येते, आठवड्याला किती वेळ देता येईल, हे विचारावे आणि एक पान वाचायला द्यावे. दफ्तरात आयुष्य घालवलेले, पण नावापुढे पदवी नसलेले एखादे आजोबा त्या अर्जापाशी अडून परत जाऊ नयेत.