बोलायचं स्वातंत्र्य आणि त्याची हद्द



आता आपल्या बहुतेक बचत गटांचे निरोप मोबाईलवर फिरतात. बैठक कधी, हप्ता किती, बँकेत कोण जाणार. त्याच मोबाईलवर दुसरंही फिरतं. एखादा मुलगा बायकी चालतो किंवा एखादीला मुलगीच आवडते, म्हणून फोटो टाकून हसायचं, शिव्या द्यायच्या, "असल्यांना गावाबाहेर काढा" असं लिहायचं. कोणी हटकलं की उत्तर तयार असतं: आम्हाला बोलायचं स्वातंत्र्य आहे. हे स्वातंत्र्य कसं मिळालं आणि त्याची हद्द कुठे, ते आज पाहू.

महर्षी धोंडो केशव कर्वे आपल्याला माहीत आहेत. त्यांचे थोरले चिरंजीव रघुनाथ. त्यांनी १९२७ साली 'समाजस्वास्थ्य' नावाचं मासिक काढलं. संततिनियमन, शरीर, लैंगिक आजार यांवर ते साध्या मराठीत लिहीत. वाचक लाजेपोटी घरात विचारता न येणारे प्रश्न त्यांना पाठवत. त्यांत समलिंगी संबंधांबद्दलचेही प्रश्न असत. कर्वे कोणाला न हिणवता उत्तर देत. अशा उत्तरांवरून १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. त्यांचे वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. लोक प्रश्न विचारतात तर शास्त्राच्या आधाराने उत्तर देणं हा गुन्हा कसा, अशी बाजू बाबासाहेबांनी मांडली. खटला हरले. कर्व्यांना २०० रुपये दंड झाला. तरी मासिक १९५३ पर्यंत, कर्व्यांच्या अखेरीपर्यंत चाललं.

यातून एक गोष्ट लक्षात घ्यायची. बोलण्यावरचा कायदा मोघम असला तर तो शिव्या देणाऱ्याला सोडून समजावून सांगणाऱ्यालाच धरतो.

पुढे संविधान आलं. १९ व्या कलमाने बोलण्याचं स्वातंत्र्य दिलं आणि त्याच कलमात हद्दही आली. बदनामी, गुन्ह्याला चिथावणी, सार्वजनिक शांतता अशा मोजक्या कारणांसाठी सरकार वाजवी बंधन घालू शकतं.

मोघम कायद्याचा फटका आपण पुन्हा २०१२ साली पाहिला. पालघरच्या दोन मुलींना फेसबुकवरच्या मजकुरावरून अटक झाली. एकीने मुंबई बंदबद्दल लिहिलं होतं, दुसरीने ते फक्त 'लाईक' केलं होतं. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६ अ कलम त्यांना लावलं होतं. कोणाला त्रास झाला, राग आला, एवढ्यावरही त्या कलमात गुन्हा होत असे. २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द केलं. न्यायालयाने तीन गोष्टी वेगळ्या केल्या: चर्चा, एखाद्या मताचा प्रचार आणि चिथावणी. पहिल्या दोन कोणाला कितीही खटकल्या तरी त्यांना मोकळीक आहे. बोलणं चिथावणीपर्यंत गेलं, की मग कायद्याने बंधन घालता येतं.

आता ज्यांच्यावर हे शब्द फेकले जातात त्यांच्याकडे पाहू. इंग्रजांनी १८६० च्या दंडसंहितेत ३७७ कलम घातलं आणि समलिंगी संबंध गुन्हा ठरला. त्यामुळे शिवी खाणारा माणूस पोलिसांकडे जायलाही घाबरे. तक्रार करावी तर आपणच गुन्हेगार ठरू. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सज्ञान माणसांचा राजीखुशीचा संबंध गुन्हा नाही. त्या खंडपीठातल्या एकमेव महिला न्यायमूर्ती इंदू मल्होत्रा यांनी लिहिलं की इतिहासाने या लोकांची आणि त्यांच्या कुटुंबीयांची माफी मागायला हवी. कुटुंबीयांची, हे ध्यानात ठेवा. त्यात आई येते, बहीण येते.

म्हणून आम्हाला वाटतं, आपल्या गटात कोणी म्हणाली की "मला हे पटत नाही", तर तिला बोलू द्यावं, तिच्याशी वाद घालावा. पण मारायची धमकी, गावाबाहेर काढायची भाषा, कोणाचा फोटो टाकून बदनामी, याला मत म्हणत नाहीत. तो निरोप पुढे पाठवू नका. जपून ठेवा आणि ज्याच्यावर आलाय त्याच्या सोबत पोलीस ठाण्यात जा.

आणि जे कायद्यात बसत नाही, नुसती टिंगल असते, तिथे पोलीस येणार नाहीत. तिथे आपणच बोलायचं. आपल्याच एखादीचं लेकरू तो निरोप वाचत असेल आणि आई काय म्हणते याची वाट बघत असेल. बोलायचं स्वातंत्र्य आपल्यालाही आहे. ते त्या लेकराच्या बाजूने वापरू या.