देवाच्या दरबाराची कुळकथा

‘देवाचा दरबार’ म्हणजे नारायण वामन टिळकांनी 1917 मध्ये मिशनच्या चौकटीबाहेर उभी केलेली ख्रिस्तभक्तांची संगत. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही शिष्य तिच्यात एका पंक्तीला बसायचे होते. माणसाची श्रद्धा मोठी की संस्थेचा अधिकार, हा प्रश्न मराठी ख्रिस्ती समाजात इतक्या उघडपणे क्वचितच मांडला गेला असेल.

या दरबाराचे मूळ झाडीपट्टीतून जाणाऱ्या रेल्वेवर सापडते. 1893 मध्ये टिळक नोकरीसाठी नागपूरहून राजनांदगावला निघाले. हा मार्ग भंडारा जिल्ह्यातून, तुमसर रोडवरून जातो. डब्यातल्या एका गोऱ्या प्रवाशाशी संस्कृत काव्यावरून गप्पा रंगल्या. निरोप घेताना त्याने टिळकांच्या हाती ‘नवा करार’ ठेवला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असे भाकीत केले. तो अर्नेस्ट वॉर्ड नावाचा मिशनरी होता, हे पुष्कळ पुढे कळले. वाचताना पेन्सिलीने खुणा करत जाण्याची टिळकांची सवय होती. तशा खुणा करत ते मत्तयच्या पाचव्या अध्यायात, डोंगरावरील प्रवचनाशी आले आणि मग पुस्तक खाली ठेववेना. या श्रद्धेच्या उगमाशी पाळक नव्हता, मंडळी नव्हती. एक पुस्तक आणि एक वाचक एवढेच होते.

भाकीत खरे ठरले. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत टिळकांनी बाप्तिस्मा घेतला, तोही एका भारतीय पाळकाच्या, रेव्हरंड तुकाराम नथोजींच्या हातून. त्याची किंमत घरादाराने मोजली. पत्नी लक्ष्मीबाई आणि लहानगा दत्तू यांची काही वर्षे ताटातूट झाली. लक्ष्मीबाई परत आल्या, पुढे स्वतःच्या मनाने 1900 मध्ये ख्रिस्ती झाल्या. ‘स्मृतिचित्रे’त तो सारा काळ त्यांनी लिहून ठेवला आहे. बाप्तिस्मा म्हणजे जातीतून, घरातून उठणे, हे टिळकांनी अंगावर सोसले होते. म्हणूनच ख्रिस्तावर जीव असूनही ती पायरी न ओलांडणाऱ्यांना परके मानणे त्यांना जमले नाही.

त्यांच्या आधी पंडिता रमाबाईंनी हाच वाद वेगळ्या अंगाने घातला होता. 1883 मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. पण त्रैक्यासारख्या सिद्धान्तांवर चर्च सांगेल ते मुकाट मान्य करायला त्या तयार नव्हत्या. भारतातल्या पुरोहितांचे जोखड नुकतेच उतरवले असता दुसरे मानेवर घ्यायचे नाही, हे त्यांनी वाँटेजच्या सिस्टर जेराल्डीन यांना पत्रांतून बजावले. बायबल आपण स्वतः वाचायचे, हा त्यांचा आग्रह शेवटपर्यंत टिकला. मराठी बायबलाचे स्वतंत्र भाषांतरही त्यांनी केले.

टिळकांचा संघर्ष सिद्धान्तापेक्षा व्यवहारातला होता. अहमदनगरच्या अमेरिकन मराठी मिशनमध्ये ते शिकवत, उपदेश करत आणि ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकाचा मराठी विभाग सांभाळत. 1904 मध्ये त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. अभंग, ओवी आणि कीर्तन यांतून त्यांनी ख्रिस्तभक्तीला तुकोबा-ज्ञानोबांच्या वळणावर आणले. वीणा, टाळ आणि मराठी पद यांनी भजन होऊ लागले, तरी पगार मात्र परदेशी निधीतून येई. पगारी उपदेशकाचा शब्द लोकांना विकतचा वाटतो, हे सल त्यांना बोचत राहिले.

1917 मध्ये त्यांनी मिशनचा राजीनामा दिला, संन्यास पत्करला आणि साताऱ्याला मुक्काम हलवला. हा संन्यास घर सोडण्याचा नव्हता. पगार आणि पद सोडण्याचा होता. दरबार त्यातूनच जन्मला. नवा पंथ काढण्याचा त्यांचा इरादा नव्हता. बाप्तिस्मा त्यांनी टाकाऊ ठरवला नाही, पण शिष्यत्वाचा दाखला देण्याचा हक्क एकट्या संस्थेचा आहे, हे त्यांना मान्य नव्हते. मिशनऱ्यांपैकी काहींना त्यात चर्चची वीण उसवण्याचा धोका दिसला. ती भीती अगदीच निराधार नव्हती: बाप्तिस्मा ऐच्छिक झाला की मंडळीची सीमा कुठे आखायची, याचे नेमके उत्तर दरबारापाशी नव्हते.

ते शोधायला वेळही मिळाला नाही. 9 मे 1919 रोजी टिळक मुंबईत वारले. त्यांच्या इच्छेप्रमाणे दफनाऐवजी दहन झाले आणि अस्थी अहमदनगरला नेण्यात आल्या. मागे ना घटना, ना मालमत्ता, ना उत्तराधिकारी. एका माणसाच्या ओढीवर चाललेला दरबार त्याच्यानंतर विरून गेला.

वळण मात्र पुढे चालले. टिळकांचे स्नेही आणि चरित्रकार जे. सी. विन्स्लो यांनी 1922 मध्ये ‘ख्रिस्त सेवा संघ’ स्थापला. भारतीय आणि युरोपीय सभासदांनी एकत्र, साधेपणाने राहायचे, ही त्यामागची कल्पना होती. टिळकांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ हे काव्य लक्ष्मीबाईंनी पुढे नेले. आणि ज्या मिशनचा पगार टिळकांनी सोडला, त्याच परंपरेतल्या मराठी मंडळ्या आजही उपासनेला त्यांचीच पदे गातात. संस्था म्हणून दरबार फसला. श्रद्धेचा मराठी सूर म्हणून तो जिंकला.