एक्सप्लोररच्या मिशा

अभियांत्रिकी महाविद्यालयात मी बरीच वर्षं यंत्रांचं गतिशास्त्र शिकवलं. दरवर्षी वर्गात एक खेळ ठरलेला असे. जाड पुस्तकाला रबरबँड लावायचा आणि ते तीन तऱ्हांनी गरगरवत वर उडवायचं. वाचकांनी हातातल्या या अंकावर प्रयोग करून पाहायला हरकत नाही; दिवाळी अंकाची जाडी त्यासाठी पुरेशी असते. थाळीसारखा फिरवला तर तो तसाच फिरत खाली येतो. कण्याला समांतर अशा लांब अक्षाभोवती लाटण्यासारखा फिरवला, तरीही शहाण्यासारखा वागतो. मात्र डोकं-पाय करत कोलांटी मारायला लावली, की हमखास मध्येच कूस बदलतो. ऑयलरची समीकरणं मांडून मी मुलांना याचं कारण दाखवत असे आणि फळ्यावर निष्कर्ष लिही : पहिले दोन अक्ष स्थिर, तिसरा अस्थिर.

एका वर्षी मागच्या बाकावरच्या मुलानं विचारलं, “सर, पुस्तकाऐवजी कच्चं अंडं असेल तर?” वर्ग हसला. मीही हसलो, आणि ‘ते अभ्यासक्रमात नाही’ म्हणून पुढे गेलो. त्या प्रश्नाचं उत्तर अमेरिकेच्या पहिल्या उपग्रहानं तोवर केव्हाच देऊन ठेवलं होतं. मला ते ठाऊक नव्हतं. निवृत्तीनंतर जुने शोधनिबंध चाळायला लागलो तेव्हा कळलं.

काळ शीतयुद्धाचा. 4 ऑक्टोबर 1957 रोजी रशियाचा स्पुटनिक आकाशात गेला. अमेरिकेचं व्हॅनगार्ड 6 डिसेंबरला उड्डाणमंचावरच कोसळून पेटलं, तेही टीव्हीच्या कॅमेऱ्यांसमोर. मग कॅलिफोर्नियातल्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीनं तीन महिन्यांच्या आत एक्सप्लोरर-1 उभा केला आणि 31 जानेवारी 1958 च्या रात्री तो केप कॅनाव्हरलहून उडाला. सुमारे 203 सेंटिमीटर लांब, जेमतेम 16 सेंटिमीटर व्यासाचा, 14 किलोचा. उपकरणं आणि शेवटच्या टप्प्याच्या रॉकेटचं रिकामं नळकांडं एकमेकांना जोडलेलंच राहिलं होतं, म्हणून ही पेन्सिलीसारखी शेलाटी बांधणी. वरच्या टप्प्यांतल्या रॉकेटांचा जोर कमीजास्त झाला तरी दिशा ढळू नये म्हणून ते सगळं फिरतं ठेवलेलं होतं. उपग्रह लांब अक्षाभोवती मिनिटाला 750 फेऱ्या घेत कक्षेत गेला. माझ्या फळ्यावरचा नियम लावायचा तर तो तसाच फिरत राहायला हवा होता.

काही तासांतच तो आडवा झाला आणि लाठी फिरवणाऱ्याच्या हातातल्या काठीसारखा कोलांट्या घेऊ लागला. जमिनीवर येणाऱ्या रेडिओ संदेशांच्या चढउतारांवरून ते उघड झालं. बाहेरून कुणी धक्का दिला नव्हता.

धक्का आतून होता. एक्सप्लोररच्या कमरेला संदेशवहनासाठी चार लवचीक तारा होत्या, मांजराच्या मिशांसारख्या बाजूला पसरलेल्या. फिरकी कधीच अगदी निर्दोष नसते. किंचित डुलणं राहतंच. त्या डुलण्याबरोबर मिशा पुढेमागे वाकत होत्या, आणि दर वाकण्यागणिक चिमूटभर ऊर्जा उष्णता होऊन जात होती. आता गोम अशी की, अवकाशात फिरणाऱ्या वस्तूची ऊर्जा अशी गळू शकते; पण तिचा कोनीय संवेग, म्हणजे फिरण्याचा एकूण साठा, बाहेरच्या बलाशिवाय कमी होत नाही. साठा तोच ठेवून कमीत कमी ऊर्जेत फिरायचं तर एकच वाट उरते : ज्या अक्षाभोवती फिरवणं सर्वांत जड, त्याभोवती सावकाश फिरणं. पेन्सिलीच्या बाबतीत ती म्हणजे कोलांटी. एक्सप्लोरर हा भरीव, एकसंध दंडगोल धरून मी हिशेब केला. मिनिटाच्या 750 फेऱ्या साधारण सातवर येतात आणि फिरण्याची 99 टक्के ऊर्जा नाहीशी होते. खऱ्या उपग्रहाचे आकडे थोडे वेगळे असणार, पण चार तारांनी केवढं गिळलं त्याची कल्पना येते.

स्टॅनफर्डचे रोनाल्ड ब्रेसवेल आणि ओवेन गॅरियट यांनी त्याच वर्षी ‘नेचर’मध्ये कृत्रिम उपग्रहांच्या परिवलनावर निबंध लिहिला. (हेच गॅरियट पुढे 1973 मध्ये अंतराळवीर म्हणून स्कायलॅबवर राहून आले.) ऑयलर मात्र यात कुठेही चुकलेला नाही. त्याच्या 1765 च्या लॅटिन ग्रंथाचं नावच ‘घन अथवा दृढ पदार्थांच्या गतीचा सिद्धांत’ अशा अर्थाचं आहे. दृढ म्हणजे न वाकणारा, न हलणारा. अट मुखपृष्ठावर होती. मी ती दरवर्षी वर्गात सांगतही असे, पण ‘पुस्तक दृढ आहे असं धरू’ एवढं पुटपुटून.

त्यानंतर उपग्रह हा एक पिंड मानण्याची सोय राहिली नाही. बिजागऱ्यांनी जोडलेले अनेक पिंड मानावे लागले, आणि मग गणित अक्राळविक्राळ होतं. प्रत्येक भागाची सहा समीकरणं, शिवाय प्रत्येक सांध्यातली अज्ञात बलं. हूकर आणि मार्गुलिस यांनी 1965 मध्ये कितीही पिंडांच्या उपग्रहासाठी समीकरणं मांडली. रॉबर्सन आणि विटेनबर्ग यांनी कोण कुणाला जोडलेलं आहे याची वंशावळच गणितात आणली. ती संगणकाला कळते, हा तिचा मोठा गुण. 1977 मध्ये म्युनिकला कुर्ट मॅग्नुस यांच्या पुढाकारानं या विषयाची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. मोटारगाड्या, यंत्रमानव, माणसाचा गुडघा असं सगळं पुढे याच चौकटीत आलं. अर्थात या शास्त्राचा उगम चार मिशांतच झाला असं म्हणणं अतिशयोक्तीचं होईल. पण दुखणं कुठे आहे ते त्यांनी दाखवलं.

मला सर्वांत आवडलेला भाग वेगळाच आहे. ह्यूज कंपनीतल्या अँथनी आयोरिलोनं दाखवलं की उपग्रहाचा एक भाग फिरता आणि दुसरा जवळजवळ स्थिर ठेवला, आणि ऊर्जा मुख्यतः त्या स्थिर भागात गळू दिली, तर शेलाटा उपग्रहही लांब अक्षाभोवती नीट फिरत राहतो. 1969 चा टॅकसॅट या तत्त्वावर उडाला. ज्या गळतीनं एक्सप्लोररला आडवं पाडलं, तिच्यासारख्याच गळतीनं टॅकसॅटला उभं ठेवलं. फक्त तिची जागा बदलली.

परवा स्वयंपाकघरात कच्चं अंडं ओट्यावर फिरवलं. बोटानं क्षणभर थांबवलं, बोट उचललं, तर ते आपसूक पुन्हा फिरायला लागलं. कवच थांबलं होतं, आतलं थांबलं नव्हतं. उकडलेलं अंडं असं करत नाही. हे दाखवायला वर्गात दोन मिनिटं पुरली असती. त्या मुलाचं नाव आता आठवत नाही. हजेरीपटही रद्दीत गेले असतील.

एक्सप्लोररचा आवाज 23 मे 1958 ला बंद झाला. त्यानंतर जवळजवळ बारा वर्षं तो मुकाट्यानं पृथ्वीभोवती फिरत राहिला आणि 31 मार्च 1970 रोजी पॅसिफिक महासागरावर वातावरणात शिरून जळाला.