सवड कुणाच्या वाट्याला? पेन्शन, वही आणि आपली माणसं

शिरूर अनंतपाळ तालुक्यातल्या कुठल्याही वस्तीत ‘रिटायर’ हा शब्द उच्चारा, मोजकीच माणसं डोळ्यांपुढे येतील. झेडपीचे गुरुजी, एसटीचे कंडक्टर, एखादा ग्रामसेवक, बँकेतला शिपाई. बाकीच्यांना हा शब्द लागूच होत नाही. सालगडी म्हातारा होतो, रिटायर होत नाही. ऊसतोडीला जाणारं जोडपं कोयता खाली ठेवतं ते हात उचलेनासा झाल्यावरच, आणि तोवर मुकादमाची उचल पोराच्या नावावर चढलेली असते. अशा माणसाला ‘थोडं थोडं साठवा, साठीनंतर निवांत बसा, राहून गेलेलं लिहा, गा’ असा सल्ला देणारे आज पुष्कळ भेटतात. सल्ला चुकीचा नाही. पण निवांत बसण्याचा हक्क या देशात कधीच सगळ्यांना सारखा नव्हता, हे सांगितल्याशिवाय दिलेला सल्ला अर्धा आहे.

मनुस्मृतीने माणसाच्या आयुष्याचे चार भाग पाडले. शिकायचं, संसार करायचा, मग जबाबदारी पोरांवर सोपवून वानप्रस्थ घ्यायचा, शेवटी संन्यास. आजच्या भाषेत वानप्रस्थ म्हणजे रिटायरमेंटच. पण ही सोय द्विजांची. शूद्राला नेमून दिलं एकच काम, वरच्यांची सेवा. तिला वयाची अट नाही. एवढ्यावर भागलं नाही म्हणून दहाव्या अध्यायात असंही सांगून ठेवलं की शूद्राची ऐपत असली तरी त्याने धन साठवू नये. सवडही नाही आणि साठाही नाही. अतिशूद्रांचं तर विचारायलाच नको. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला जे पुस्तक जाळलं, त्यात आपल्या म्हातारपणावर घातलेली ही बंदीही होती.

कुणी म्हणेल, वतन होतं की. बलुतं मिळत होतं, इनामाची जमीन होती. वतनाचा हा गोडवा अजूनही काही अभ्यासक गातात. बाबासाहेबांनी १९ मार्च १९२८ रोजी मुंबई विधिमंडळात वतन कायद्यात दुरुस्ती सुचवणारं विधेयक मांडलं, तेव्हा या गोडव्याची सालं काढून दाखवली. महार वतनदार चोवीस तास सरकारचा आणि गावाचा बांधील. तो घरी नसेल तर बापाने जायचं, बाप नसेल तर घरातल्या दुसऱ्या कुणी. मोबदला काय, तर हातावर टेकवलेलं धान्य आणि तुकडा जमीन. म्हणजे वतन ही पेन्शनची उलटी बाजू होती. पेन्शन माणसाला कामातून सोडवते, वतन माणसाच्या नातवालाही कामाला जुंपून ठेवतं. ते विधेयक त्यांना मागे घ्यावं लागलं. मुंबई राज्यात महार वतन कायद्याने संपलं ते १९५८च्या कायद्याने, बाबासाहेब गेल्यानंतर.

मग आपल्या माणसाच्या हाती पहिल्यांदा सवड आली कुठून? ती लष्करातून आली. गोपाळबाबा वलंगकर १८८६ साली फौजेतून पेन्शनवर आले आणि दापोलीला राहू लागले. दोनच वर्षांनी, १८८८ला, त्यांचं ‘विटाळ विध्वंसन’ हे पुस्तक निघालं. ‘दीनबंधु’त आणि ‘सुधारक’मध्ये ते लिहू लागले. अस्पृश्यतेला शास्त्राचा आधार कुठला, असा जाहीर सवाल करणारा हा माणूस ना जमीनदार होता ना वकील. तो पेन्शनर होता. दर महिन्याला ठरलेला पैसा घरात येत होता आणि तो गावच्या पाटलाच्या हातातून येत नव्हता, एवढीच त्याची मिजास. पण तेवढी पुरेशी झाली. पाटलाच्या खळ्यावर पसा मागायला उभ्या राहणाऱ्या माणसाला पाटलाविरुद्ध लिहिता येत नाही.

दुसरा पेन्शनर सुभेदार रामजी. महिना पन्नास रुपये पेन्शन. दापोली, मग सातारा, मग मुंबईत परळच्या डबक चाळीतली एक खोली. त्या खोलीतच संसार, त्यातच जळण, जातं आणि बकरी. भीमरावांना लवकर झोपवायचं आणि रात्री दोनला उठवून अभ्यासाला बसवायचं, असा त्यांचा नेम. पोराला पुस्तक हवं आणि हातात पैसे नसले की रामजीबाबा लेकीच्या घरी जात. रोख मिळाली तर ठीक, नाहीतर तिचा दागिना मागून घेत, सावकाराकडे गहाण टाकत आणि पुढची पेन्शन आली की सोडवून परत करत. धनंजय कीरांच्या चरित्रात हे आलं आहे. आपण जयंतीच्या भाषणात ही गोष्ट बापाच्या मायेची म्हणून सांगतो. ती माया होतीच. पण हिशेबाच्या अंगाने पाहा. सावकाराने दागिना ठेवून घेतला, कारण पेन्शन येणार हे त्याला ठाऊक होतं. लेकीने दागिना काढून दिला, कारण तो परत येणार हे तिलाही ठाऊक होतं. पेन्शन नसती तर माया तेवढीच राहिली असती, पुस्तक मात्र आलं नसतं. १८९०च्या दशकात सरकारने महारांची लष्करभरती बंद केली. वलंगकर आणि त्यांच्यामागून शिवराम जानबा कांबळे यांनी त्याविरुद्ध अर्ज का लिहिले हे मग कळतं. त्यांना लढायांची हौस नव्हती. शाळा, पगार आणि पेन्शन हा एकमेव दरवाजा बंद झाला होता.

बाबासाहेबांनी हा धागा कधी सोडला नाही. १९४५च्या ‘काँग्रेस आणि गांधी यांनी अस्पृश्यांसाठी काय केले’ या ग्रंथात गांधीवादावरचं प्रकरण आहे. त्यात ते यंत्राची बाजू घेतात आणि कारण देतात सवडीचं. जनावरासारखं राबण्यातून सुटका झाल्याशिवाय माणसाला संस्कृती घडवता येत नाही, आणि ती सुटका यंत्र करतं, असा त्यांचा युक्तिवाद. चरख्याला सौंदर्य मानणाऱ्यांना तो आजही पचत नाही. मजूरमंत्री म्हणून त्यांनी तो कायद्यातही उतरवला. १९४६च्या दुरुस्तीने कारखान्यातला कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. आठवड्याचे सहा तास. एका पिढीच्या आयुष्यात किती पानं होतात याचा हिशेब ज्याने त्याने करावा. १९४७ला संविधान सभेसाठी लिहिलेल्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये तर त्यांनी विमा हा सरकारचाच धंदा असावा आणि प्रत्येक प्रौढ नागरिकाला त्याच्या कमाईच्या मानाने आयुर्विमा सक्तीचा असावा, असं कलमच घातलं. म्हातारपण ही ज्याची त्याची खासगी अडचण नाही, ते देशाचं देणं आहे, हा त्याचा अर्थ. संविधानात यातलं उरलं कलम ४१, म्हातारपणी सरकारी मदतीचा हक्क. तोही मार्गदर्शक तत्त्वांत, आणि त्यात ‘आर्थिक कुवतीच्या मर्यादेत’ ही पळवाट.

स्वतः बाबासाहेबांना सवड मिळाली नाही. १४ सप्टेंबर १९५६ रोजी त्यांनी पंतप्रधान नेहरूंना पत्र लिहिलं. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ छापायला सुमारे वीस हजार रुपये लागणार होते. बुद्ध जयंतीच्या वर्षात सरकारने ग्रंथालयांसाठी पाचशे प्रती विकत घ्याव्यात, एवढीच विनंती. दुसऱ्याच दिवशी उत्तर आलं की त्या कामासाठी ठेवलेला पैसा संपला आहे. पुस्तक १९५७ला आलं. लेखक ६ डिसेंबरलाच गेले होते. संविधानाच्या मसुदा समितीच्या अध्यक्षांनाही शेवटचं पुस्तक छापायला पैशाची जुळवाजुळव करावी लागली, हे आपल्या लिहिणाऱ्या पोरांना माहीत असायला हवं. पैसा नाही म्हणून लाज वाटून घेण्याचं मग कारण उरत नाही.

त्यानंतरच्या दोन बायांकडे पाहा. शांताबाई कांबळे, सोलापूर जिल्ह्यातल्या महूदच्या. १९४२ला शिक्षिका झाल्या, पुढे जत तालुक्यात शिक्षण विस्तार अधिकारी, १९८१ला निवृत्त. निवृत्तीनंतर लिहायला बसल्या आणि १९८६ला ‘माज्या जल्माची चित्तरकथा’ पुस्तकरूपाने आली. ‘नाजुका’ म्हणून ती दूरदर्शनवरही दिसली. दुसऱ्या बेबीताई कांबळे, फलटणच्या. नोकरी नाही, पेन्शन नाही. द्राक्षं विकून सुरुवात, मग किराण्याचं छोटं दुकान. गल्ल्यावर बसून, रद्दीत आलेले कागद वाचून त्यांनी वाचनाची भूक भागवली आणि ‘जिणं आमुचं’ लिहिलं, तेही नवऱ्याच्या नि पोराच्या नजरेआड, वह्या वीस वर्षं लपवून. तेही पुस्तक १९८६चं. दोन्ही पुस्तकं आपल्या कपाटात शेजारी ठेवलेली असतात. पण एकीला लिहायला पेन्शन होती आणि दुसरीला लिखाण लपवायला कोपरा, हा फरक आपण कधी वाचत नाही. बाईची सवड नवऱ्याच्या सवडीहून वेगळी असते आणि आंबेडकरी घरातही ती चोरूनच घ्यावी लागली, हे बेबीताईंनीच आपल्याला सुनावून ठेवलं आहे.

आणि अण्णा भाऊ. ‘फकिरा’ बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण करणारा माणूस, पस्तीसच्या आसपास कादंबऱ्यांचा धनी, कितीतरी वर्षं घाटकोपरच्या चिरागनगरातल्या झोपडीत राहिला आणि १८ जुलै १९६९ला हलाखीत गेला. आपल्या लातूरचे लक्ष्मण गायकवाड धनेगावचे. ज्या जमातीवर जन्मतःच चोरीचा शिक्का, तिच्यातले. सूतगिरणीत कामगार होते. ‘उचल्या’ १९८७ला आलं, १९८८ला साहित्य अकादमी मिळाली. गुणवत्तेला सवडीची गरज नसते, असं यावरून कुणी सिद्ध करू पाहील. आमचं उत्तर एवढंच की जे पोचले ते आपल्याला दिसतात.

मराठवाड्यात ही सवड उशिरा आली. निजामाचं राज्य १९४८ला संपलं, १९५०ला औरंगाबादला बाबासाहेबांनी ‘मिलिंद’ उघडलं. तिथून शिकून आलेली पोरं मास्तर झाली, तलाठी झाली, बँकेत लागली. लातूर-नांदेडकडच्या आपल्या वस्त्यांतलं पहिलं पक्कं घर, पहिलं पुस्तकांचं कपाट बहुतेक त्यांचंच. ते कुणाच्या डोळ्यांत किती सललं हे १९७८ला कळलं. २७ जुलैला नामांतराचा ठराव झाला आणि वस्त्या पेटल्या. नांदेड जिल्ह्यात टेंभुर्णीचे पोचिराम कांबळे मारले गेले. घरांबरोबर धान्य, भांडी, कागदपत्रं जळाली, म्हणजे गरिबाची सगळी बचत जळाली. बचतीचे धडे देणाऱ्यांच्या तक्त्यात ‘वस्ती जाळली तर’ असा रकाना नसतो.

आज वस्ती जाळावी लागत नाही. १ नोव्हेंबर २००५पासून राज्य सरकारच्या नोकरीत लागलेल्याला जुनी पेन्शन नाही. मार्च २०२३मध्ये कर्मचारी संपावर गेले तेव्हा ‘फुकटे’ म्हणून त्यांची टिंगल झाली, त्यात आपलेही काहीजण होते. ज्यांच्या आजोबाला पेन्शन नव्हती, बापाला होती आणि स्वतःला नाही, त्यांनी तरी ही टिंगल करू नये. त्यात आता भरती कंत्राटी. कंत्राटदाराने भविष्यनिर्वाह निधी भरलाच तर कर्मचारी पेन्शन योजनेची किमान पेन्शन महिना हजार रुपये, २०१४ला ठरलेली. श्रावणबाळ योजनेत पंधराशे, पण वर्षाचं कौटुंबिक उत्पन्न २१ हजारांच्या आत दाखवायचं. महिन्याला साडेसतराशे. एवढ्यात जगणारं कुटुंब आमच्या तालुक्यात आम्हाला भेटलेलं नाही, दाखला मात्र सगळ्यांना तसाच काढावा लागतो. गरिबाला खोटं बोलायला लावूनच मदत देणारी ही व्यवस्था आहे.

राहिले आपले गायक. गावोगावच्या गायन पार्ट्यांनी बाबासाहेब ज्या वस्त्यांत पोचवले तिथे पुस्तक पोचायला अजून वीस वर्षं लागणार होती. दिवसा रोजगार, रात्री हार्मोनियम. त्यांच्यासाठी राज्याची ज्येष्ठ साहित्यिक-कलावंत मानधन योजना आहे. पूर्वी राष्ट्रीय, राज्य, जिल्हा अशा तीन वर्गांत ३१५०, २७०० आणि २२५० रुपये मिळत, म्हणजे कलावंतांतही वर्णव्यवस्था. २०२४पासून सरसकट पाच हजार. चांगलं झालं. पण अर्जाला पुरावे लागतात. पन्नास वर्षं गायलेल्या माणसाकडे पुरावा काय असणार? तेव्हा ना फोटो काढला कुणी, ना प्रमाणपत्र दिलं. गाण्यांची वही होती, ती पावसात भिजली नाहीतर लेकीच्या लग्नाच्या गडबडीत गेली.

इथे सरकारइतकाच दोष आपल्या जयंती मंडळांचा आहे. डीजेला लाख रुपये एका रात्रीत जातात, आणि ज्यांच्या गाण्यांवर तो डीजे वाजतो त्या परंपरेतला म्हातारा गडी मांडवाच्या कडेला उभा असतो. त्या लाखातून एक वही टाईप करून छापली तरी वीस-पंचवीस हजारांच्या आत काम होतं. दुसऱ्या बाजूने, पंचवीस-तिशीतल्या ज्या पोरांना लिहायचं-गायचं आहे त्यांनी चाळिशीच्या आत अटल पेन्शनचं खातं उघडावं. साठीनंतर हजार ते पाच हजार, फार नाही. पण रामजीबाबांचे पन्नास रुपयेही फार नव्हते. आणि हे करताना जुन्या पेन्शनच्या मोर्चातही यावं. एकाने दुसरं रद्द होत नाही.

तालुक्यातल्या मंडळांना एक विनंती. १९७०पासूनची जयंतीची हँडबिलं, पावतीपुस्तकं, कार्यक्रमपत्रिका, वर्तमानपत्रांची कात्रणं, ज्यावर कुठल्याही गायकाचं, शाहिराचं, ढोलकीवाल्याचं नाव छापलेलं आहे, ती रद्दीत घालू नका. आकाशवाणीचं जुनं पत्र असेल तर फारच उत्तम. आम्ही त्यांच्या झेरॉक्स काढून ज्यांच्या त्यांच्या अर्जाला जोडतो आहोत. मूळ कागद परत मिळतील.