शब्दावर चालणारे सैन्य : ‘ईव्ह ऑनलाइन’ या खेळातील नेतृत्व आणि संदेशवहन

सेनापतीच्या आज्ञेला इतिहासात बहुधा काही ना काही भौतिक आधार असतो. वेतन, वतन, शिक्षेचे भय किंवा घराण्याची निष्ठा यांपैकी एखादा तरी दोर शिपायाला आपल्या नायकाशी बांधून ठेवतो. हे सारे दोर काढून घेतले तर हजारो माणसे एका माणसाचे ऐकतील काय, आणि ऐकलेच तर ते कशाच्या बळावर, हा प्रश्न एरवी केवळ तर्काचा विषय होऊन राहिला असता. एकविसाव्या शतकाच्या आरंभी इंटरनेटवरील एका युद्धखेळात त्याची प्रत्यक्ष परीक्षा झाली. त्या खेळातील पहिल्या दहा-अकरा वर्षांच्या घडामोडींचा या एकाच दृष्टीने विचार करण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

‘ईव्ह ऑनलाइन’ हा खेळ आइसलँडमधील रेक्याविक येथील सीसीपी या कंपनीने मे २००३ मध्ये सुरू केला. अशा बहुतेक खेळांत खेळाडू एकाच जगाच्या अनेक निरनिराळ्या प्रतींमध्ये विभागलेले असतात. येथे मात्र, चीनपुरती केलेली स्वतंत्र व्यवस्था वगळल्यास, सर्व खेळाडू हजारो तारामंडलांच्या एकाच विश्वात वावरतात. या विश्वाच्या सीमाप्रांतांत खेळाच्या निर्मात्यांचा कायदा चालत नाही. जो प्रांत राखील त्याचा तो. नष्ट झालेले जहाज परत मिळत नाही, आणि ‘टायटन’ जातीचे सर्वांत मोठे जहाज बांधण्यास अनेकांचे कित्येक आठवड्यांचे श्रम लागतात. खेळाडूंच्या मंडळीस कॉर्पोरेशन म्हणतात. अनेक कॉर्पोरेशनांचा मिळून एक संघ होतो, आणि अनेक संघांची आघाडी बनते. ही सर्व रचना खेळाडूंनीच उभारलेली असून तीत सामील होणे वा तीतून निघून जाणे पूर्णपणे ऐच्छिक आहे. ज्याला आज्ञा मानवत नाही त्याने यंत्र बंद केले की त्याची चाकरी संपली.

अशा स्थितीत नायकाच्या हाती उरतो तो केवळ शब्द. एका ताफ्यात जास्तीत जास्त २५६ जहाजे असत, आणि त्यांचे तुकड्यांत व पथकांत विभाजन करण्याची सोय खेळातच होती. परंतु खरी आज्ञा चाले ती खेळाबाहेरील ‘टीमस्पीक’, ‘व्हेंट्रिलो’ किंवा ‘मंबल’ यांसारख्या ध्वनियोजनांवरून. लढाई सुरू झाली की बोलण्याचा अधिकार मुख्यतः ताफ्याच्या नायकाचा. पहिले लक्ष्य कोणते, दुसरे कोणते, तोंड कोणत्या दिशेस वळवावयाचे, हे तो थोडक्यात सांगे आणि शेकडो जण एकाच जहाजावर मारा करीत. पुढे गेलेला टेहळ्या शत्रूची संख्या व जात कळवी. ज्याच्या जहाजावर मारा होत असे त्याने ओरडावयाचे नसे. कळ दाबताच त्याचे नाव दुरुस्ती करणाऱ्या जहाजांच्या पडद्यावर उमटे. नायकांचे आपसातील बोलणे निराळ्या वाहिनीवर होई. म्हणजे मौन हा येथे शिस्तीचा अलंकार नसून युद्धाचे साधन होते. अडीचशे माणसे एकदम बोलू लागली तर सैन्य उरत नाही, केवळ जमाव उरतो.

या व्यवस्थेत एक अंगभूत अडचण होती. अडीचशे जणांच्या वाहिनीवर शत्रूचा हेर असणारच, असे धरून चालावे लागे. त्यामुळे मोहीम कोठे व कशासाठी, हे नायक बरेचदा अखेरपर्यंत सांगत नसे. कारण न कळता आज्ञा पाळणारे अनुयायी हवेत, आणि ते तर सर्व स्वेच्छेने आलेले. या दोहोंचा मेळ केवळ नायकाच्या पूर्वलौकिकावरच बसू शकतो. मागच्या खेपेस याने आपल्याला व्यर्थ मरू दिले नाही, ही आठवण हेच त्याचे एकमेव भांडवल होय.

शब्दावर चालणाऱ्या या यंत्रणेत एका चुकीचे मोल किती पडे, हे जानेवारी २०१३ मध्ये असाकाई येथे दिसले. टायटन जहाजाला दोन गोष्टी करता येतात. ते इतर जहाजांसाठी मार्ग उघडून स्वतः मागे राहू शकते, किंवा स्वतःच उडी घेऊ शकते. एका चकमकीत आपला ताफा पुढे पाठवावयाचा असता टायटनच्या चालकाने चुकीची आज्ञा निवडली आणि ते अमोल जहाज एकटेच शत्रूच्या मध्यभागी जाऊन पडले. वार्ता पसरताच दोन्ही बाजूंनी कुमक धावली आणि सुमारे तीन हजार खेळाडू तेथे लोटले. मूळ चकमक क्षुल्लक होती. ती महायुद्धाएवढी झाली याचे कारण असे की, आपल्या माणसास वाचविण्याची हाक दिल्यावर ती मागे घेणे कोणाही नायकास परवडणारे नव्हते.

तथापि नेतृत्वाचा विचार केवळ रणांगणापुरता केल्यास तो अपुरा ठरेल. फेब्रुवारी २००९ मध्ये ‘बँड ऑफ ब्रदर्स’ हा त्या काळचा अत्यंत बलाढ्य संघ एकही निर्णायक लढाई न हरता विसर्जित झाला. त्याच्या संचालकांपैकी एक जण ‘गूनस्वॉर्म’ या प्रतिपक्षास मिळाला आणि आपल्याजवळील अधिकार वापरून त्याने संघच मोडून टाकला. संघाबरोबर डेल्व्ह प्रांतावरील स्वामित्व गेले आणि त्यावर अवलंबून असलेली संरक्षणव्यवस्थाही निकामी झाली. पुढे डेल्व्ह गूनस्वॉर्मच्या हाती आले. पण २०१० च्या आरंभी त्यांच्याच प्रमुखाकडून प्रांताचे ठराविक देयक वेळेवर भरले गेले नाही, आणि तलवारीने मिळविलेले त्यांनी लेखणीच्या हयगयीने घालविले. विजेत्याने पराजितापासून फितुरीचा धडा घेतला असेल. कारभाराचा घेतला नाही. मराठी वाचकास फडणिशीचे महत्त्व निराळे सांगावयास नको. सेनापती कितीही थोर असला तरी हिशेब कोणी पाहावयाचा आणि किल्ल्या किती जणांच्या हाती द्यावयाच्या, हे ज्या संघात ठरलेले नाही तो संघ आतून पोकळच असतो.

हेच पुन्हा चार वर्षांनी घडले. २७ जानेवारी २०१४ रोजी बी-आर-५-आर-बी या तारामंडलाचे देयक चुकले आणि पँडेमिक लीजन व एन-थ्री यांच्या पक्षाचा तेथील ताबा सुटला. प्रतिपक्षाने, म्हणजे सीएफसी व रशियन संघांच्या आघाडीने, ते तत्काळ हेरले. नंतरची लढाई सुमारे २१ तास चालली. एकूण साडेसात हजारांहून अधिक खेळाडू तीत गुंतले. गर्दी झाली म्हणजे खेळातील काळ मंद करण्याची योजना यापूर्वीच अमलात आली होती. तीनुसार वेग दशांशावर आला आणि एका क्षणाचे काम दहा क्षणांचे झाले. विचारास सवड मिळाली, पण सहनशक्तीची कसोटी लागली. एका खंडातील खेळाडू झोपी जात तेव्हा दुसऱ्या खंडातील जागे होत. त्यांना वेळेवर उठवून, परिस्थिती समजावून, रांगेत उभे करणे हे लक्ष्य निवडण्याइतकेच निर्णायक कार्य ठरले. अखेर दैनंदिन देखभालीसाठी यंत्रणा बंद होण्याची वेळ आली तेव्हा लढाई थांबली. ७५ टायटन नष्ट झाले होते; त्यांपैकी ५९ पँडेमिक लीजन व एन-थ्री पक्षाचे आणि १६ विजयी पक्षाचे. प्रत्यक्ष पैशात हा एकूण नाश सुमारे तीन लाख डॉलरांचा मानला गेला.

नायक आणि फडणीस यांच्या जोडीस तिसरी भूमिका वकिलाची, पेशवाईतील अर्थाने. गूनस्वॉर्मचे वकील शॉन स्मिथ हे खेळात ‘व्हाइल रॅट’ या नावाने प्रसिद्ध होते. प्रत्यक्ष जीवनात ते अमेरिकेच्या परराष्ट्रसेवेत माहिती-व्यवस्थापनाचे अधिकारी होते. शत्रुपक्षातील माणसांशीही बोलणे तुटू न देणे हे त्यांचे काम. ११ सप्टेंबर २०१२ रोजी लिबियातील बेनगाझी येथे अमेरिकन कचेरीवर हल्ला झाला. तेव्हा ते खेळातील सहकाऱ्यांशी लेखी संभाषण करीत होते. गोळीबाराची सूचना देऊन ते गेले ते परतले नाहीत. त्या हल्ल्यात त्यांचा मृत्यू झाला. त्यानंतर खेळाडूंनी आपली अनेक अवकाशस्थानके त्यांच्या नावाने नामांकित केली, आणि त्यांत त्यांच्याशी लढलेलेही होते. कृत्रिम रणांगणावरील नाती कृत्रिमच असतात, ही समजूत या एका घटनेपुढे टिकत नाही.

इतिहासाच्या अभ्यासकास येथे साधनांची विपुलता आढळते. जहाजांच्या हानीची यादी यंत्रच ठेवते आणि अनेक लढायांतील आज्ञांचे ध्वनिमुद्रणही उपलब्ध आहे. तरीही निर्णायक गोष्टी यादीत सापडत नाहीत. २००९ चा संचालक का फुटला, किंवा २०१४ मध्ये मध्यरात्री हाक येताच माणसे अंथरुणातून का उठली, हे कोणतेही यंत्र नोंदवीत नाही. या दहा-अकरा वर्षांचा निष्कर्ष मात्र स्पष्ट आहे. सक्तीवाचून आज्ञा चालू शकते. परंतु तिला मोजके बोलणारा नायक, जागरूक फडणीस आणि शत्रूशीही शब्द राखणारा वकील असे तिघे लागतात. वेतन व भय यांनी बांधलेले सैन्य तिघांपैकी एखादा चुकला तरी काही काळ तग धरते. केवळ विश्वासावर उभ्या असलेल्या सैन्यास ती सवलत नाही. ते एका रात्रीत विरून जाते.